भीती नसलेल्या गावातला नाग

सांगली-कोल्हापूरकडच्या खेड्यांत दिवेलागणीनंतर सापाचं नाव घेत नाहीत. 'लांबडं निघालंय' म्हणतात, नाहीतर नुसतंच 'जनावर'. कुणाला चावलं तर 'पान लागलं'. नाव घेतलं की तो येतो, ही समजूत. आणि याच मुलखात एक गाव असं, की तिथे नागपंचमीला पोरंटोरंसुद्धा फणा काढलेल्या नागापुढे हातभर अंतरावर बसायची, बायका त्याला हळदकुंकू वाहायच्या, आणि कुणी किंचाळत नसे. ते गाव म्हणजे बत्तीस शिराळा.

सापांबद्दलची भीती कशी घालवायची, अशी चर्चा निघाली की मला शिराळा आठवतं. तिथे ती भीती पिढ्यान्‌पिढ्या आधीच गेली होती. तरीही नागाला वाचवण्यासाठी कुणालातरी कोर्टाची पायरी चढावी लागली. असं का झालं, हे नीट पाहण्यासारखं आहे.

पुणे-बंगळूर रस्त्यावर पेठ नाक्याला वळलं की उसाच्या शेतांतून रस्ता शिराळ्याकडे जातो. तालुक्याचं ठिकाण, मोरणा नदीकाठी. पूर्वी भोवतालच्या बत्तीस गावांचं मुख्य ठिकाण म्हणून 'बत्तीस' शिराळा, असं सांगतात. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे. पश्चिमेला सरकलं की ऊस विरळ होतो, भातखाचरं लागतात आणि पुढे चांदोलीचं जंगल. पाणी, धान्य, बांध, वारुळं, उंदीर, बेडूक: नागाला आणखी काय हवं?

सणाची कथा गोरक्षनाथांशी जोडलेली आहे. नाथ भिक्षेला आले, दारात उभे राहिले. घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, तिला यायला उशीर झाला. नाथांनी विचारलं, मातीच्याची पूजा करतेस, जिवंत आला तर करशील का? ती हो म्हणाली. तेव्हापासून जिवंत नाग पुजायची रीत पडली. या कथेत नाग पकडून आणा, मिरवा, त्याची लांबी मोजा, असं कुठेही नाही. तो पुढचा थर, आणि तो कसा चढत गेला हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही उत्सवाकडे पाहिलं की कळतं. आधी मानकरी असतात, मग मंडळं होतात, मग ट्रॅक्टर, ध्वनिक्षेपक आणि बक्षिसं.

पंचमीच्या काही आठवडे आधी तरुण रानात जायचे. हातात काठी, कुदळ आणि मडकं. ओल्या मातीवरचा सरपटल्याचा माग, बिळाच्या तोंडाची गुळगुळीत झालेली माती, जवळ पडलेली कात, यावरून आत जनावर आहे की नाही हे ओळखायचं. ही विद्या खरीच होती, तिला कमी लेखायचं कारण नाही. पकडलेला नाग मडक्यात, तोंडाला फडकं बांधून. घरी आणून त्याला बेडूक-उंदीर द्यायचे. पंचमीला अंबामातेच्या देवळापर्यंत मिरवणूक, मग सर्वात लांब नागाला आणि सर्वात उंच फणा काढणाऱ्याला बक्षीस. सण संपला की जिथून धरला तिथेच सोडायचा, असं गावकरी अभिमानाने सांगत. दात पाडणं, तोंड शिवणं हे गारुड्यांचे प्रकार, आम्ही तसलं करत नाही, हेही. बाकीच्या अनेक गावांच्या मानाने शिराळकर नागाशी बरे वागत असतील, हे मी मान्य करतो.

आमच्या गावात नाग कुणाला डसत नाही, ही शिराळ्याची श्रद्धा होती. तिच्यामागे नाथांची कृपा असेल, पण नागाचा स्वभावही आहे. नाग फणा काढतो तो घाबरल्यावर. मी मोठा आहे, लांब राहा, एवढंच तो सांगत असतो. त्याचे पहिले फटकारे पुष्कळदा तोंड मिटूनच असतात. घोणशीसारखा विजेच्या वेगाने तो तोंड मारत नाही. उभ्या अंगाने पुढे झुकतो, आणि त्याला किती अंतर गाठता येतं याचा अंदाज सरावलेल्या माणसाला येतो. विष हे त्याचं भक्ष्य मिळवायचं साधन. जे गिळता येणार नाही त्याच्यावर ते वाया घालवायला तो नाखूश असतो. दोन-तीन आठवडे हाताळून थकलेला नाग तर आणखीच मंद होतो. घोणस किंवा मण्यार मडक्यात घालून हा सण साजरा करता आला असता का, असा विचार केला की कृपेचा वाटा किती आणि जातीचा किती ते उमगतं.

गर्दीला डोलणारा नाग प्रसन्न झालेला वाटे. प्रत्यक्षात तो समोरच्या हलत्या हाताला सतत तोंड देत होता. पुंगीच्या बाबतीतही तेच. नागाला बाहेरचे कान नाहीत, तो मुख्यतः जमिनीतले हादरे टिपतो. डोलतो तो पुंगीच्या सुरांवर नव्हे, तिच्या हलण्यावर. ढोलताशा आणि ट्रॅक्टरच्या धडधडीत त्या जनावराला काय वाटत असेल याची कल्पना करून बघा.

दुधाचंही बोलायला हवं. साप दूध पचवणारा प्राणी नाही. तहानेने व्याकूळ झाला तर समोर येईल ते द्रव पितो, आणि जबरदस्तीने पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. ही गोष्ट आता शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे, आणि तरी पंचमीला वारुळात दूध ओतलं जातंच. आपल्याकडे माहिती एका कप्प्यात आणि वहिवाट दुसऱ्या कप्प्यात सुखाने नांदते.

माझ्या मते सर्वात मोठं नुकसान यातलं कुठलंच नव्हतं. ते होतं हंगामाचं. नागाची मादी उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला अंडी घालते, साधारण बारा ते तीस. जागा म्हणजे उंदराचं रिकामं बीळ किंवा वारूळ. आपल्याकडचे बहुतेक साप अंडी घालून निघून जातात. नागीण मात्र अंड्यांजवळ राहते. सुमारे दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात, म्हणजे आषाढ-श्रावणात. नेमक्या याच दिवसांत कुदळ घेऊन बिळं उकरली जात होती. त्यात बक्षीस सर्वात लांब नागाला. आपल्याकडचा नाग साधारण तीन ते पाच फूट भरतो. त्याहून लांब जनावर म्हणजे अनेक पावसाळे काढलेलं, वंश वाढवणारं. चांगल्या बियाण्याचं कणीस आधी खुडून न्यावं तसा हा प्रकार.

गंमत अशी की आपल्या नागपंचमीच्या कहाणीला हे ठाऊक आहे. शेतकरी नांगर धरतो, फाळाखाली नागाची पिल्लं मरतात, नागीण चिडून घराचा सूड घेते आणि शेवटी सासरी पाटावर नाग काढून पुजणाऱ्या लेकीपुढे शांत होते. श्रावणात शेताच्या मातीत नागाची पिल्लं असतात आणि नागीण जवळच असते, एवढं निरीक्षण ज्याने केलं तो कहाणीकार शेतातलाच माणूस असणार. त्या दिवशी नांगरायचं नाही, खणायचं नाही, चिरायचं-भाजायचं नाही, म्हणून तवा बाजूला ठेवून पुरणाची दिंडं उकडायची. खणू नये म्हणणाऱ्या सणासाठी शिराळ्यात महिनाभर खणणं चाले, आणि कुणाला त्यात विसंगती दिसत नव्हती.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हापासून नाग पकडणं, बाळगणं हा गुन्हाच होता. पण कायदा आणि पंचमी यांची गाठ पडायला बराच काळ लागला. निसर्गप्रेमींनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, वाद वर्षानुवर्षं चालला, आणि २०१४ च्या आदेशानंतर जिवंत नागांची मिरवणूक आणि स्पर्धा खरोखर बंद होत गेल्या. वनखात्याची पथकं पंचमीच्या आधीपासून गावात ठाण मांडून बसू लागली. मडक्यांची जागा नागाच्या प्रतिमांनी घेतली. नाथांच्या कथेतला तो मातीचा नाग परत आला म्हणायचा. पुढे कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि नागाला पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या पंगतीला जागा मिळाली.

गावाला हे लागलं. आमची परंपरा बाहेरच्यांनी बुडवली, हा सल दर निवडणुकीत वर येतो. बंदी योग्यच होती असं मी म्हणेन. पण बंदीने नेमकं काय वाचवलं, हेही पाहायला हवं. पंचमीचे नाग वाचले. वर्षभर ऊस तोडताना, वैरण काढताना, जळणाच्या ढिगातून निघणारे साप काठीने मरत होते ते मरतच राहिले. बंदीचा हुकूम रानापर्यंत पोचत नाही. तिथे शेतकऱ्याला नाग का हवा, याचं उत्तर द्यावं लागतं.

ते उत्तर बिळात आहे. शेतातल्या उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं होतात आणि तीही काही महिन्यांत विण्यायोग्य होतात. उसाची बुडख्याजवळची कांडी ते कुरतडतात, मग ऊस लोळतो आणि आंबतो. भाताच्या लोंब्या आणि भुईमुगाच्या शेंगा तर ते थेट बिळात साठवतात. उंदरांचे शत्रू पुष्कळ आहेत: घुबड, घार, मांजर, मुंगूस, कोल्हा. पण हे सगळे उंदीर बाहेर येण्याची वाट पाहतात. बिळात शिरून पिल्लांसकट घर रिकामं करणारा मुख्य शिकारी म्हणजे साप. त्याच्या अंगाचा आकारच बिळाच्या मापाचा. धामण हे काम दिवसा करते, नाग बहुतेकदा तिन्हीसांजेला नि रात्री. मजुरी मागत नाहीत, फवारणीसारखा खर्च नाही. उंदरांसाठी विषारी आमिष ठेवलं तर काही विषं मेलेल्या उंदरातून घुबडापर्यंत पोचतात, आणि पुढच्या हंगामात उंदीर असतात, घुबड नसतं.

उंदीर म्हणजे फक्त धान्याचं नुकसान नाही. त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू चिखलात उतरतात आणि भातलावणीत पायाच्या जखमेतून माणसात शिरतात. कोकणात हा ताप दर पावसाळ्यात डोकं वर काढतो. शिवाय साप स्वतःही कुणाचं तरी अन्न आहे. सर्पगरुड, मोर, मुंगूस त्याच्यावर जगतात, आणि छोटे साप, अंडी, पिल्लं तर बगळ्यांपासून घोरपडीपर्यंत कुणालाही चालतात. नागही इतर साप खातो. शेतातून साप नाहीसा झाला तर या साखळीचं एकच टोक वाढतं, आणि ते उंदराचं असतं.

आता इतकं सापाचं गुणगान केल्यावर दुसरी बाजू झाकून ठेवणं अप्रामाणिकपणाचं होईल. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, निम्मे मृत्यू पावसाळ्याच्या जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. म्हणजे सापाला भिणारा शेतकरी अडाणी नाही. त्याच्या भीतीला आधार आहे. 'घाबरू नका, साप आपला मित्र आहे' हे भिंतीवरचं वाक्य मला म्हणूनच आवडत नाही. ज्याच्या घरातलं माणूस पान लागून गेलं त्याला ते वाक्य वाचून दाखवायची हिंमत होईल का?

मग भीतीचं करायचं काय? छाटायची. आंब्याच्या फांद्या छाटतात तशी. महाराष्ट्रात बहुतेक जीवघेण्या दंशांना चारच जाती कारण आहेत: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. धामण, दिवड, कवड्या, तस्कर, गवत्या, नानेटी, मांडूळ या सगळ्यांना घाबरून मारण्यात काहीच अर्थ नाही. दिवड चावते, रक्त काढते, पण विष नाही. कवड्या बिचारा मण्यारीसारखा दिसतो म्हणून मरतो. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक आणि मानेकडे पुसट होत जातात, कवड्याचे मानेकडे ठळक असतात. एवढा फरक दाखवला की दहा-बारा वर्षांची पोरं पटकन पकडतात, मोठी माणसं मात्र 'जाऊ दे, मारलेलं बरं' म्हणतात.

भीतीची वेळ नि जागाही ठरवता येते. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश दुखत नाही, खूण दिसत नाही, पहाटे पोटात कळा येतात आणि पापण्या मिटू लागतात. खाटेवर झोपणं आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी, यावर उतारा इतका साधा आहे. घोणस पाचटात पडून राहते आणि कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करते. रात्री पाणी पाजायला जाताना बॅटरी आणि पायात गमबूट हवेत. रात्रीच्या विजेवर मोटार चालू करायला अंधारात जाणारा शेतकरी हा सापाचाच नव्हे, भारनियमनाच्या वेळापत्रकाचाही बळी असतो, हे जाता जाता.

दंश झालाच तर अंग हलवायचं नाही, करकचून आवळायचं नाही, चिरायचं-चोखायचं नाही, दवाखाना गाठायचा. घोणस किंवा फुरशाचा संशय असेल तर डॉक्टर साध्या काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटं तसंच ठेवतात आणि ते गोठतं का पाहतात. मांत्रिकाला यश येतं ते का, हेही सांगून टाकतो. बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी सापानेही पुष्कळदा विष सोडलेलंच नसतं. हे सगळे रुग्ण मांत्रिकाकडेही बरे होतात आणि देवळाच्या पायरीवरही. उरलेले मरतात, आणि त्यांची गोष्ट मांत्रिकाच्या ओसरीवर कुणी सांगत नाही.

दवाखान्यातलं औषध याच चार सापांच्या विषापासून घोड्यांच्या मदतीने तयार होतं. शिराळ्याच्या प्रकरणातली मला सर्वात बोलकी वाटणारी तुलना इथे येते. तमिळनाडूत इरुला नावाची आदिवासी जमात आहे, पिढीजात साप धरणारी. एके काळी त्यांचे साप कातड्याच्या व्यापारात जात. १९७२ च्या कायद्याने तो धंदा बसला. मग सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ साली इरुलांची सहकारी संस्था उभी राहिली. परवाना घेऊन ठरावीक साप धरायचे, मडक्यात ठेवायचे, तोंडाला फडकं बांधायचं, तीन-चार आठवड्यांत काही वेळा विष काढायचं, पोटावरच्या खवल्याला खूण करून रानात सोडायचं. देशातल्या प्रतिविषासाठी लागणारं बरंचसं विष तिथून येतं. तेच मडकं, तेच फडकं, बिळाचा माग काढणारी तीच नजर. शिराळ्यात मडक्यातला नाग मिरवणुकीला गेला, तिथे त्याचं विष औषधात गेलं. शिराळ्याच्या तरुणांना असा दुसरा रस्ता कुणी दाखवला नाही. बंदीच्या बाजूने लढलेल्या आपण सगळ्यांनी ही गोष्ट स्वतःला विचारायला हवी होती.

कारण तो रस्ता नसला की कौशल्य भलतीकडे जातं. मिरवणूक बंद झाली आणि मोबाइल आला. आता गावोगाव सर्पमित्र आहेत. त्यातले कित्येक मन लावून, पदरमोड करून काम करतात. पण नाग शेपटीला धरून उचलायचा, फणा चेहऱ्याजवळ न्यायचा, कुणीतरी चित्रण करायचं, हा प्रकारही त्यातच बोकाळला आहे. असे किती सर्पमित्र दंशाने गेले, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. ट्रॅक्टरवरचा तो नाग आणि पडद्यावरचा हा नाग यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्हीकडे भीती गेल्याचा पुरावा म्हणून साप हातात हवा असतो.

धरलेला साप लांबच्या जंगलात सोडला की पुण्य लागलं, हाही असाच समज. सापाला आपल्या टापूतली बिळं, पाणी, लपायच्या जागा ठाऊक असतात. परक्या ठिकाणी तो सैरभैर भटकतो आणि मरण्याची शक्यता वाढते. शिराळकरांचा 'जिथून धरला तिथेच सोडायचा' हा नेम या बाबतीत आजच्या अनेक सर्पमित्रांपेक्षा शहाणा होता.

२०२५ च्या पंचमीला या प्रकरणाला नवं वळण लागलं. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने शिराळ्यातल्या २१ जणांना २७ ते ३१ जुलै या काळात, शिक्षण आणि संवर्धनाच्या उद्देशाने नाग पकडायला परवानगी दिली. मिरवणूक नाही, स्पर्धा नाही. गावात आनंद झाला, तिकडे निसर्गप्रेमींनी कपाळाला हात लावला. मागच्या दाराने जुना सण परत येतोय, ही त्यांची शंका निराधार नाही. कागदावरचं 'शिक्षण' प्रत्यक्षात फणा दाखवून टाळ्या घेण्यावर येऊ शकतं. हंगामही तोच, श्रावणाचा, पिल्लांचा. तो परवानगीच्या कागदाने बदलत नाही.

तरी दार किलकिलं झालंच आहे, तर त्या २१ जणांकडून मला नाग बघायचा नाही. त्यांनी कुदळ घरी ठेवावी आणि शाळेतल्या पोरांना घेऊन बांधावर यावं. ओल्या मातीवरचा माग दाखवावा. कुठल्या बिळात उंदीर आहे, कुठल्यात नाही आणि का नाही, ते त्यांच्या नजरेला जितकं कळतं तितकं मला पुस्तकातून कळलेलं नाही. एखादं गुळगुळीत तोंडाचं बीळ दिसलं, की आत कोण आहे ते हळू आवाजात सांगावं, आणि पोरांना चार पावलं मागे घ्यावं.